३०३ विजय, पासपोर्ट शून्य: व्हिक्टर स्टारफिनची गोष्ट

आजचा भाग बेसबॉलचा आहे. थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका. बेसबॉलचा एकही नियम माहीत नसला तरी चालेल, लागेल तेवढं मी मध्ये मध्ये सांगत जाईन. आणि खरं सांगू का, ही गोष्ट बेसबॉलची कमी आणि कागदपत्रांची जास्त आहे. एका माणसाने एका देशासाठी अठरा-एकोणीस मोसम खेळून, त्या देशात सगळ्यात आधी ३०० सामने जिंकून दाखवले, पण त्या देशाचा नागरिक म्हणून त्याचं नाव कुठल्याही कागदावर कधीच आलं नाही. देश जपान. माणूस रशियन. नाव व्हिक्टर स्टारफिन.

आधी थोडं बेसबॉल. पिचर म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. फरक असा की त्याला रनअप नाही, एका छोट्या उंचवट्यावर उभं राहून १८.४४ मीटरवरून बॉल फेकायचा, आणि टप्पा नाही. मॅच नऊ इनिंग्जची. आज एका मॅचला तीन-चार पिचर सहज वापरतात, पण जुन्या काळी एकच माणूस नऊच्या नऊ इनिंग्ज टाकायचा. म्हणजे कल्पना करा, वन डेमधल्या सगळ्या ओव्हर एकाच बॉलरने टाकायच्या. आणि प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लिहिला जातो. अमुक टीम जिंकली, हे झालंच, पण 'विजय कुणाचा?' तर या पिचरचा. एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

तर व्हिक्टरचा जन्म १ मे १९१६ चा, निझ्नी तागिलचा. उरल पर्वताच्या पूर्वेला असलेलं लोखंडाच्या कारखान्यांचं गाव. तारीख बघा हां. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, रशियात क्रांती झाली. झार गेला, मग लाल विरुद्ध पांढरे असं यादवी युद्ध पेटलं. लाल म्हणजे बोल्शेविक आणि पांढरे म्हणजे त्यांच्या विरोधातले सगळे. व्हिक्टरचे वडील कॉन्स्टान्टिन झारच्या बाजूचे. पांढरे हरायला लागले तसं हे कुटुंब पूर्वेकडे सरकत गेलं. सायबेरिया ओलांडून ते चीनमधल्या हार्बिनला पोचले. हार्बिन हे शहर मुळात रशियन रेल्वेमुळे वसलेलं, आणि त्या काळात तिथे रशियन निर्वासितांची गर्दीच गर्दी. तिथून १९२५ मध्ये आई, वडील आणि नऊ वर्षांचा व्हिक्टर जपानला आले.

आता कागदपत्रांकडे येऊ. जो देश सोडून ते निघाले तो देशच उरला नव्हता. त्याच्या जागी आलेल्या सोव्हिएत सरकारने १९२१ मध्ये हुकूम काढून अशा पळून गेलेल्या लोकांचं नागरिकत्वच काढून घेतलं. म्हणजे लाखो माणसं एका सहीने बिनदेशाची झाली. जपानचं काय? जपानचा कायदा रक्ताचा होता. बाप जपानी असेल तर मूल जपानी. तुम्ही तिथे वाढलात, तिथल्या शाळेत शिकलात, स्वप्नंसुद्धा जपानी भाषेत पडायला लागली, तरी कायद्याच्या लेखी तुम्ही पाहुणेच. आणि पाहुण्याला कधीही 'निघा आता' म्हणता येतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढे एक जण नेमकं हेच म्हणणार आहे.

हे कुटुंब स्थिरावलं ते होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा शहरात. आसाहिकावा म्हणजे थंडी. जपानमध्ये आजवर मोजलेलं सगळ्यात कमी तापमान इथलंच आहे, उणे ४१ अंश, १९०२ च्या जानेवारीतलं. उरलमधून आलेल्या माणसांना त्याचं काय म्हणा! शहर मात्र लष्करी छावणीचं होतं, जपानी सैन्याच्या सातव्या डिव्हिजनचं ठाणं. अशा गावात एक रशियन पोरगा जपानी शाळेत जायला लागला. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा वेगळा दिसणारा, आणि वाढता वाढता सगळ्यांपेक्षा उंच. शेवटी त्याची उंची १९१ सेंटीमीटर भरली. त्या काळच्या जपानमध्ये हे म्हणजे डोंगरच चालत आल्यासारखं.

शाळेच्या मैदानावर बेसबॉल होता, आणि तिथे हा डोंगर सगळ्यांना हवासा झाला. जपानमध्ये शालेय बेसबॉलचं वेड काय आहे हे तुम्ही अॅनिमेमध्ये पाहिलं असेलच. कोशिएन नावाच्या स्टेडियमवर देशभरातल्या शाळांची स्पर्धा होते आणि तिथे पोचणं हे प्रत्येक खेळणाऱ्या पोराचं स्वप्न असतं. तेव्हाही होतं. व्हिक्टर आसाहिकावाच्या शाळेचा मुख्य पिचर झाला, त्याच्या बॉलिंगचा बोलबाला होक्काइदोभर झाला, पण त्याची टीम बेटावरच्या पात्रता फेरीतच अडकली. कोशिएन काही झालं नाही. त्याच्या डोक्यात पुढचा प्लॅन तयार होता, तोक्योच्या वासेदा विद्यापीठात जायचं आणि तिथून खेळायचं. तेव्हा प्रोफेशनल लीग नव्हतीच. विद्यापीठाचा बेसबॉल हाच सगळ्यात वरचा बेसबॉल.

आणि मग १९३३ मध्ये घरावर आभाळ कोसळलं. वडील आसाहिकावात चहाचं छोटं दुकान चालवायचे. तिथे काम करणाऱ्या एका रशियन तरुणीचा खून झाला, वडिलांना अटक झाली, आणि पुढे तुरुंगवासाची शिक्षाही. बिनदेशाचं रशियन घर, त्यात बाप खुनी. घरात कमावणारं कुणी नाही. पोरगा सतरा वर्षांचा.

आता दुसऱ्या माणसाची एन्ट्री. शोरिकी मात्सुतारो. आधी तोक्योच्या पोलिसात मोठा अधिकारी, मग १९२४ पासून 'योमिउरी' वर्तमानपत्राचा मालक. खप वाढवायच्या आयडिया या माणसाकडे भरपूर. त्यातली सगळ्यात मोठी आयडिया म्हणजे अमेरिकेच्या बेसबॉल स्टार्सना जपानला आणायचं. १९३४ च्या नोव्हेंबरात ते आलेही. बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स. बेब रूथ म्हणजे कोण, तर तेव्हा जगातलं बेसबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव. तोक्योच्या रस्त्यावर त्यांना बघायला लाखोंची झुंबड उडाली.

पण त्यांच्याविरुद्ध खेळायला जपानी टीम तर हवी. आणि इथे अडचण अशी की १९३२ मध्ये सरकारने नियम काढला होता, शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी पैसे घेणाऱ्या खेळाडूंबरोबर खेळायचं नाही. म्हणजे या टीममध्ये यायचं तर शाळा सोडायची. शाळा सुटली की कोशिएन सुटलं, विद्यापीठ सुटलं. व्हिक्टर नाही म्हणाला. योमिउरीच्या माणसांनी आधी गोडीगुलाबीने विचारलं, तो तरी नाहीच.

मग दुसरी भाषा सुरू झाली. तुझ्या वडिलांची केस चालू आहे ना? तुमचे राहण्याचे कागद कसे आहेत, माहितेय ना? तुम्हाला परत पाठवता येतं. परत म्हणजे कुठे, तर सोव्हिएत संघात, जिथून जीव मुठीत धरून पळाले तिथे. झारच्या माणसाच्या कुटुंबाचं तिथे काय होईल हे सांगायची गरज नव्हती.

शोरिकींना जपानी प्रोफेशनल बेसबॉलचे जनक म्हणतात आणि ते खोटं नाही. त्यांच्या नावाचा पुरस्कार आजही दिला जातो. पण मला विचाराल तर त्या लीगच्या पायातला एक दगड असा, एका अडकलेल्या पोराला धमकावून बसवलेला आहे. मोठी माणसं मोठी कामं करताना कुणाच्या अंगावर पाय देऊन उभी असतात हे बघितलंच पाहिजे.

व्हिक्टर आईला घेऊन आसाहिकावाहून तोक्योला गेला. रात्री, टीममधल्या मित्रांना न सांगता. असं चोरासारखं निघून जाणं त्याला आयुष्यभर सलत राहिलं असं त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे सांगतात. मला ते पटतं. ज्या एका जागी तो 'आपला' होता ती जागा त्याने अंधारात सोडली होती.

अमेरिकन पाहुण्यांनी जपानच्या टीमला प्रत्येक मॅचमध्ये हरवलं. तरी एक मॅच जपान आजही विसरलेला नाही. २० नोव्हेंबर १९३४, शिझुओका. सावामुरा एइजी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने आउट केलं, तेही बॉलला बॅट न लागू देता. मॅच जपान ०-१ ने हरला, गेरिगच्या एका फटक्यामुळे. हा सावामुराही शाळा सोडूनच आला होता बरं का. तो पुढे परत येईल.

स्टारफिनला संधी मिळाली ती दौरा संपत आला तेव्हा, २९ नोव्हेंबरला, तोक्योजवळच्या ओमिया इथे. मॅच आधीच हातातून गेली होती, तेव्हा थोडा वेळ त्याला बॉलिंग दिली. आता त्याच दिवशी तोक्योत काय चाललं होतं ते ऐका. अमेरिकन टीममध्ये मो बर्ग नावाचा एक कॅचर होता. प्रिन्स्टनचा पदवीधर, बऱ्याच भाषा येणारा. तो ओमियाला गेलाच नाही. अमेरिकन राजदूताची मुलगी बाळंतीण होऊन सेंट ल्यूक हॉस्पिटलमध्ये होती, तिला भेटायला म्हणून तो फुलं घेऊन गेला, थेट हॉस्पिटलच्या गच्चीवर चढला आणि लपवून आणलेल्या कॅमेऱ्याने सगळ्या तोक्योचं शूटिंग केलं. हाच मो बर्ग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा गुप्तहेर झाला. तेव्हा त्याच्यावर कुणाला संशय आला नाही. हेर म्हणून संशय पुढे कुणावर आला, ते थोड्या वेळात.

दौऱ्यानंतर डिसेंबर १९३४ मध्ये शोरिकींनी याच खेळाडूंमधून कायमची टीम उभी केली. तीच आजची योमिउरी जायंट्स, जपानची सगळ्यात जास्त वेळा जिंकलेली टीम. (जाता जाता: परदेशी खेळाडू आणले म्हणून चिडलेल्या एका कट्टर राष्ट्रवाद्याने फेब्रुवारी १९३५ मध्ये शोरिकींवर तलवारीने वार केला. ते वाचले. हवा कशी बदलत होती त्याचा अंदाज घ्या.) १९३६ मध्ये प्रोफेशनल लीग सुरू झाली. पहिला हीरो अर्थातच सावामुरा. पण १९३८ मध्ये त्याला सैन्यात बोलावणं आलं. चीनमध्ये युद्ध चालू होतं. तिथे हातबॉम्ब फेकून फेकून त्याचा खांदा गेला असं म्हणतात. परत आला तेव्हा तो जुना बॉलर उरला नव्हता.

एकामागून एक खेळाडू सैन्यात जायला लागले. स्टारफिनला मात्र बोलावणं आलं नाही. का? कारण तो नागरिकच नव्हता! ज्या कागदाच्या अभावाने त्याची मान पकडून ठेवली होती त्याच अभावाने त्याला मैदानावर ठेवलं.

आणि मैदानावर त्याने काय केलं! १९३९ चा मोसम. जायंट्सने त्या वर्षी ९६ मॅच खेळल्या, ६६ जिंकल्या. त्यातले ४२ विजय एकट्या स्टारफिनच्या नावावर. बाकीच्या सगळ्या पिचरचे मिळून २४. ६८ मॅचमध्ये तो मैदानात उतरला, ४५८ इनिंग्ज टाकल्या. तुलना हवी? आज मोसमात २०० इनिंग्ज टाकणाऱ्याला लोक 'घोडा आहे घोडा' म्हणतात. ४२ सोडा, १९६८ नंतर जपानमध्ये कुणी ३० सुद्धा जिंकलेले नाहीत. पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, त्याने ३८ जिंकले आणि नऊ इनिंग्जमागे सरासरी एक रनसुद्धा दिला नाही, नेमका आकडा ०.९७. दोन्ही वर्षं सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच.

खांद्याचं काय झालं असेल हा विचार मला सारखा येतो. आता अॅप उघडलं की पिचरने किती बॉल टाकले त्याची मोजणी समोर दिसते, शंभर झाले की कोच उठून उभा राहतो. तेव्हा मोजायचं कोण? टीमला विजय हवा होता आणि हा माणूस 'नाही' म्हणू शकत नव्हता. एकदा म्हणून बघितलं होतं त्याने.

१९३९ चं अजून एक सांगायचं राहिलं. त्याच उन्हाळ्यात, मे ते सप्टेंबर, मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहानला जपान आणि सोव्हिएत संघात तुंबळ लढाई चालू होती. जपानचे हजारो सैनिक मेले. त्यात आसाहिकावाच्या सातव्या डिव्हिजनचेही होते. म्हणजे स्टारफिनच्या गावची पोरं तिकडे रशियनांच्या तोफांखाली पडत होती आणि इकडे तोक्योत स्टँड भरून लोक एका रशियन माणसासाठी टाळ्या वाजवत होते. तो रशियन त्या तोफांना घाबरूनच पळून आलाय, हे टाळ्या वाजवणाऱ्यातल्या किती जणांना माहीत असेल? पोलिसांना माहीत होतं. पण पोलिसांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. चेहरा परका, आडनाव परकं, बस्स.

१९४० मध्ये परकी नावं नकोत अशी मोहीम निघाली. टीमची इंग्रजी नावं गेली. 'जायंट्स' जाऊन 'क्योजिन' आलं, अर्थ तोच, राक्षस. पुढे १९४३ मध्ये तर खेळातले इंग्रजी शब्दसुद्धा गेले. 'स्ट्राइक' म्हणायचं नाही, 'योशी' म्हणायचं, म्हणजे 'ठीक'. 'बॉल' म्हणायचं नाही, 'दामे' म्हणायचं, म्हणजे 'चालणार नाही'. हसू येतं खरं. पण टीमच्या नावाबरोबर माणसाचं नावही गेलं. व्हिक्टर स्टारफिन स्कोअरबोर्डवर 'सुदा हिरोशी' झाला. 'सुदा' हे 'स्टा'च्या जवळपास जातं म्हणून. नागरिकत्व नाही द्यायचं, नाव मात्र द्यायचं! आणि हा सुदा हिरोशी नाव बदलूनही जिंकतच राहिला. १९४२ मध्ये २६ विजय.

नाव बदललं तरी तोंड कसं बदलणार? पोलिसांची पाळत वाढली. हा सोव्हिएत हेर तर नाही ना? (मो बर्ग आठवला?) १९४४ चा मोसम लहानसाच होता, त्यात त्याने सहा सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि तिथेच त्याला थांबवलं. त्याला कारुइझावाला पाठवलं गेलं. कारुइझावा म्हणजे तोक्योच्या वायव्येला असलेलं थंड हवेचं ठिकाण. ऐकायला छान वाटतं. पण युद्धाच्या शेवटच्या काळात सरकारने परदेशी लोकांना तिथे नेऊन ठेवलं होतं, तटस्थ देशांच्या राजदूतांपासून निर्वासितांपर्यंत. हिवाळा कडाक्याचा, धान्य नाही, सरपण नाही, गावाबाहेर जायला परवानगी नाही. जपानचा सर्वोत्तम बॉलर अठ्ठाविसाव्या वर्षी तिथे बसून होता.

आणि सावामुरा? नागरिक असल्यामुळे त्याला तिसऱ्यांदा सैन्यात बोलावलं. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचं जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. वय २७. आज जपानमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला सावामुराच्या नावाचा पुरस्कार देतात. दोघांनीही १९३४ मध्ये शाळा सोडली होती. एकाला देशाने आपला म्हणून नेलं, दुसऱ्याला परका म्हणून ठेवलं.

युद्ध संपलं. तोक्यो बेचिराख. स्टारफिनने काही काळ अमेरिकन सैन्याकडे दुभाषाचं काम केलं. १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं हा जायंट्सकडे परतणार. तो गेला नाही. त्याचे जुने मॅनेजर फुजिमोतो सादायोशी 'पॅसिफिक' नावाच्या नव्या, कमजोर टीमकडे होते, तो त्यांच्याकडे गेला. मला त्याचा हा निर्णय फार आवडतो. आयुष्यात पहिल्यांदा कुठे खेळायचं हे त्याने स्वतः ठरवलं. अर्थात याची किंमत होती. जायंट्सच्या मागे उत्तम बॅट्समन होते, इथे कोण होतं? पुढची दहा वर्षं तो टीममागून टीम बदलत राहिला आणि बहुतेक वेळा हरणाऱ्या टीमच्याच वाट्याला आला. तरीही १९४९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने २७ सामने जिंकून लीगमध्ये पहिला नंबर काढला. वेग कमी झाला होता, पण बॉल नेमका कुठे टाकायचा ही अक्कल आता आली होती. आपल्याकडेही बघा ना, फास्ट बॉलर म्हातारा झाला की हुशार होतो.

घरचं सांगायचं तर पहिला संसार मोडला, मग जपानी पत्नीबरोबर दुसरा संसार झाला, मुली झाल्या. त्यातल्या नाताशाने पुढे वडिलांवर पुस्तक लिहिलं. नागरिकत्व? नाही. शेवटपर्यंत नाही.

शेवटचा मोसम १९५५ चा. टीमचं नाव टोम्बो युनियन्स. टोम्बो म्हणजे तीच पेन्सिलवाली कंपनी, हो, स्टेशनरीच्या दुकानात दिसते तीच. टीम तळाला. त्या वर्षी स्टारफिन २१ सामने हरला आणि ७ जिंकला. पण त्या सातांमध्ये त्याचा ३०० वा विजय होता. जपानी प्रोफेशनल बेसबॉलमध्ये ३०० गाठणारा पहिला माणूस. एकूण ३०३ वर तो थांबला. त्यातल्या ८३ मॅच अशा की समोरच्या टीमला एकही रन नाही. ८३ चा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. ३०० च्या पलीकडे गेलेले पिचर जपानमध्ये आजवर एकूण सहाच. त्यात सगळ्यात वर ४०० विजयांचा कानेदा मासाइची. तो जपानमध्येच जन्मलेला, पण कोरियन आईबापांचा, आणि त्याला जपानी नागरिकत्व १९५९ मध्ये अर्ज करून घ्यावं लागलं. ८६८ होमरनचा जागतिक विक्रम करणारा ओ सादाहारू हाही चिनी बापाचा मुलगा. १९५७ मध्ये शाळेत असताना राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला खेळू दिलं नाही, कारण तो जपानी नागरिक नव्हता. जपानी बेसबॉलची विक्रमांची यादी वरून वाचायला घेतली की पहिल्या ओळीपासून 'परके'च भेटतात. हा योगायोग आहे की ज्याला दुसरा दरवाजाच नसतो तो एकाच दरवाज्यावर जीव खाऊन धडका मारतो, यावर तुम्ही कमेंटमध्ये भांडा.

१२ जानेवारी १९५७. रात्रीची वेळ. तोक्योच्या सेतागाया भागात स्टारफिन स्वतः गाडी चालवत होता. गाडी समोरच्या ट्रामवर मागून आदळली. तो जागीच गेला. वय ४०. खेळणं सुटून सव्वा वर्ष झालं होतं. आसाहिकावाच्या शाळेतल्या मित्रांच्या एका मेळाव्याला तो त्या दिवशी निघाला होता, असं सांगतात. ज्यांना न सांगता तो एका रात्री निघून गेला होता, तेच मित्र.

१९६० मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून मतदानाने निवडला गेलेला पहिला माणूस स्टारफिन होता. नाव स्टारफिन असंच लिहिलं, सुदा नाही.

थांबा, एक किस्सा राहतोय, आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. युद्धानंतर आकडेमोड करणाऱ्यांनी जुनी स्कोअरबुकं पुन्हा तपासली. १९३९ मध्ये विजय कुणाच्या नावावर लिहायचा हे बरंचसं स्कोअररच्या मर्जीवर असायचं. नव्या नियमांनी मोजलं तर ४२ पैकी दोन विजय दुसऱ्यांचे निघत होते. झालं, स्टारफिनचे ४२ चे ४० केले. मग १९६१ मध्ये इनाओ काझुहिसा नावाच्या पिचरने धडाका लावला. ४० गाठले, ४१ झाले, ४२ झाले. नवा विक्रम म्हणून जल्लोष! आणि तेव्हा प्रश्न निघाला की जुना आकडा नक्की कोणता? प्रकरण लीगच्या कमिशनरपर्यंत गेलं. १९६२ मध्ये निकाल आला. त्या काळच्या स्कोअररने त्या काळी जे लिहिलं तेच धरायचं. स्टारफिनचे ४२ परत ४२ झाले. विक्रम दोघांचा, आजही. गंमत म्हणजे हा एकच कागद असा निघाला की जो अखेर त्याच्या बाजूने लागला.

आसाहिकावात आज एक मोठं बेसबॉल स्टेडियम आहे. १९८० च्या दशकात त्याला नाव दिलं, 'स्टारफिन स्टेडियम'. जपानमध्ये माणसाचं नाव मिळालेलं पहिलं स्टेडियम म्हणून ते ओळखलं जातं. बाहेर त्याचा पुतळा आहे, बॉल टाकण्याच्या पोजमध्ये. दर उन्हाळ्यात उत्तर होक्काइदोतल्या शाळा तिथे खेळायला येतात. जी जिंकते ती कोशिएनला जाते.

चला, भेटू पुढच्या भागात.